डोळ्यामागचा कान

चार मीटर खोल समुद्रात मी गुडघाभर पाण्यात उभा राहिलेलो आहे.

हे वाक्य गावात पहिल्यांदा बोललो, तेव्हा लोक म्हणाले, बाबली मेथराने आणखी एक सोडली. माझी कीर्तीच तशी. मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, जबड्यातून चष्मा परत आणल्याची हकिगत मी इतक्या वेळा सांगितली आहे, की हल्ली मलाच त्या चष्म्याचा नंबर आठवतो. पण हे वाक्य खरं आहे आणि त्याला साक्षीला एक महागडं यंत्र आहे. यंत्र म्हणत होतं चार मीटर. माझे गुडघे म्हणत होते गुडघे.

आमचं आडबंदर खाडीच्या पलीकडे जमिनीच्या जिभेवर आहे. पूल गेल्या कित्येक निवडणुका बांधला जातो आहे. तोवर तालुक्याच्या इस्पितळात, बाजारात, कोर्टात जायचं तर शर्वरी सारंगची बोट. विजेवर चालणारी, फायबरची, आणि अशी पळणारी की नेसलेलं धोतर ध्वजासारखं फडकतं. शर्वरीचा नवरा दूर देशाच्या जहाजावर नोकरीला. घरात ती आणि तिची सासू रंजनावयनी. सासरा दत्ताराम माझा लंगोटीयार. तो ह्याच खाडीच्या तोंडाशी, वाळूच्या दांड्यावर होडी फुटून गेला.

हा वाळूचा दांडा म्हणजे आमच्या गावाचा खरा मालक. दर पावसाळ्यात तो कूस बदलतो. आज इथे, पुढच्या वर्षी तिथे. पूर्वी त्याच्यावरून जाताना माणसं बांबू टोचत, शिव्या देत, हळूहळू जायची. आता कुणाला हळू जायला जमत नाही. मासळीची गाडी उभी असते, डॉक्टर उठून जाणार असतात, मोबाइलवर कुणी तरी वाट बघत असतं. सगळ्या गावाच्या अंगाला वेगाची खाज सुटली आहे.

त्या दिवशी मी दात दाखवायला चाललो होतो. ओहोटी लागलेली. शर्वरी पूर्ण वेगात दांडा ओलांडत होती, यंत्राच्या पडद्यावर तळाची रेघ शाळेतल्या फळ्यावर पट्टी धरून मारावी तशी सरळ चालली होती, आणि धाडकन बोट वाळूत बसली. मी बाकावरून उडून पुढच्या माणसाच्या टोपलीत पडलो. वजन कमी करायला शर्वरीने आम्हाला खाली उतरवलं. बोट ढकलता ढकलता मी आत वाकून पाहिलं. पडद्यावर तीच सरळ रेघ. चार मीटर. आम्ही त्या चार मीटरांत रांगेने उभे.

बोट सुटली, आम्ही पोहोचलो, माझा दात निघाला. परत येताना शर्वरी सबंध वाट बोटांनी सुकाणूवर टकटक करत होती. ती टकटक पुढे बरेच दिवस थांबली नाही.

आता ह्या यंत्राचं थोडं सांगायला हवं. बोटीच्या पिछाडीला, पाण्याखाली, मुठीएवढा एक काळा ठोकळा बसवलेला असतो. त्याचं नाव ट्रान्सड्यूसर. एवढं नाव घेईपर्यंत भरती येते, म्हणून गावात त्याला कान म्हणतात. हा कान आधी बोलतो आणि मग ऐकतो. माणसाला ऐकू येणार नाही असा एक टणत्कार तो खाली सोडतो. तो तळावर आपटून परत येतो, आणि यायला किती वेळ लागला त्यावरून खोली कळते. सेकंदात हे पुष्कळदा चालतं, कारण पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपट वेगाने पळतो.

ह्या कानाचा वैरी एकच, हवा. बुडबुड्यांचा पातळ पडदा मध्ये आला, तर आवाजाला ती भिंतच. बोट सावकाश चालते तेव्हा पाणी तिच्या बुडाला गायीने वासरू चाटावं तसं चाटत जातं. वेग घेतला की बुडावर जे जे वर आलेलं असेल, स्क्रूचं डोकं, जोडाची कड, चिकटलेला शिंपला, ते पाण्याला फाडतं आणि त्याच्यामागे फेसाची एक शेपटी लांब पळत राहते. ती शेपटी कानावरून गेली की कान ठार बहिरा, आणि वाळूत रुतला तरी तसाच. म्हणून कान बसवायची जागा शोधणं हे निम्मं काम. बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या फेसापासून दूर, बुडापेक्षा नखभर खाली, तोंड सपाट, आणि त्याच्या पुढच्या सबंध रेघेत काहीही वर आलेलं नको.

सरकारने मध्यंतरी नियम केला, की कानाला तळ ऐकू येईनासा झाला तर प्रवासी बोटीचं इंजिन आपोआप मंदावलं पाहिजे. नियम चांगला होता. पण आमच्या किनाऱ्यावर जरा वेग घेतला की सगळ्या बोटी धापा टाकत मंद व्हायच्या. लोक वैतागले. मग बोटींना यंत्रं पुरवणाऱ्या कंपनीने नवी युक्ती काढली, पूरक नकाशा. तुमच्या बोटीला ऐकू आलं नाही तर शेजारच्या बोटींनी काय ऐकलं ते नकाशा सांगणार आणि रेघ जोडून देणार. हजार कानांचं मिळून एक डोकं. इंजिन खूश, प्रवासी खूश. कान कुठे बसवलाय, कसा बसवलाय, हे बघायचं कुणाला कारणच उरलं नाही.

शर्वरीने पहिल्यांदा कंपनीला फोन लावला. तिकडचा माणूस फार गोड बोलत होता. म्हणाला, तुमच्या बोटीची ती घटना आम्ही पाहिली, पण त्या जागेची इतर सगळी वाचनं चार मीटर सांगतात, तेव्हा तुमचं एक वाचन समूहाशी जुळत नाही. शर्वरी म्हणाली, वाचन नाही हो, बोट बसली. तो म्हणाला, तेही नोंदवून घेतो.

फोन ठेवून ती माझ्याकडे आली. मी अंगणात जाळं शिवत, म्हणजे जाळं मांडीवर घेऊन, बसलो होतो.

"काका, तुम्ही ती मुशीची गोष्ट सांगता, ती आता गावात सगळ्यांना येते. कुणी सांगितली तर लोक काय म्हणतात?"

मी म्हणालो, म्हणतात, ह्याच्याकडून पण ऐकली, त्याच्याकडून पण ऐकली, म्हणजे काहीतरी झालं असणार.

ती उठलीच. दुसऱ्या दिवशी तिने यंत्राच्या पोटातलं कच्चं वाचन पडद्यावर आणलं, नकाशाने जोडायच्या आधीचं, कानाने स्वतः ऐकलेलं. मला बरोबर घेतलं, कारण मी रिकामा होतो. सावकाश चालताना तळ स्वच्छ दिसला, खड्डे, उंचवटे, मधूनच एखादा मासा. वेग घेतल्याबरोबर पडद्यावर नुसता करडा भुसा. तिने पुन्हा मंद केलं, तळ आला. पुन्हा वेग, पुन्हा भुसा.

मग तिने मला समजावलं. आमच्या गावची प्रत्येक बोट दांड्यावरून वेगात जाते. प्रत्येक बोट तिथे बहिरी होते. प्रत्येकीला नकाशा सांगतो, शेजारणीने चार मीटर ऐकलंय. ती चार मीटर पुढे पाठवते, आणि तिच्या नावावर पुढचीला तेच सांगितलं जातं. पावसाळ्याआधी कुणी तरी एकदा खरंच ऐकलेलं असणार. त्यानंतर दांडा सरकला आणि बातमी तिथेच राहिली, उलट रोज जास्त पक्की होत गेली. मी आयुष्यभर एकट्याने थापा मारल्या. ह्या बोटींनी सहकारी संस्था काढली होती.

पण सगळ्याच बोटी बहिऱ्या कशा? दुसऱ्या बंदरांत असं नव्हतं. शर्वरीने कान उतरवला, पुन्हा बसवला. नखभर खाली घेतला, तोंड किंचित वर केलं, पंख्यापासून लांब नेला. एका बाजूला पंख्याचा फेस, दुसऱ्या बाजूला इंजिन गार करायला पाणी ओढणाऱ्या नळीचं तोंड. मधली हातभर जागा तेवढी स्वच्छ असायला हवी होती. तिथेही भुसाच. ती जेवताना उठून समुद्राकडे बघून यायची आणि पुन्हा ताटावर बसायची.

शेवटी एका सकाळी बोट धक्क्याच्या उतारावर ओढून ठेवली होती. शर्वरी तिच्या बुडाखाली उताणी झोपून कानापासून पुढे हात फिरवत सरकत गेली, आणि नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, जरा मागे तिचा हात थांबला.

तिथे डोळा होता.

इतर गावांत होडीचे डोळे नाळेवर रंगवतात. आमच्यात पितळेचा एकच डोळा, विड्याच्या पानाएवढा, बुडाच्या मधल्या कण्यावर पाण्याखाली ठोकतात. कारण आमचा शत्रू समोरून येत नाही, खालून येतो. नारळी पुनवेला घरातली थोरली बाई तो स्वतःच्या हाताने बसवते. लाकडाच्या होड्या गेल्या, फायबरच्या आल्या, खिळ्यांऐवजी स्क्रू आले, डोळा तोच राहिला. दत्ताराम गेला त्या वर्षी रंजनावयनी माहेरी आजारी होती आणि डोळा ठोकायचा राहिला होता. तोच डोळा ती शर्वरीच्या बोटीला लावायची.

गावच्या प्रत्येक बोटीला डोळा. प्रत्येक डोळ्याला उचललेली कड. आणि प्रत्येक कान त्याच्या बरोबर मागे.

शर्वरीला हे कळलं, पण सासूला सांगणार कसं? तू ज्याला राखण म्हणतेस तेच घात करतंय, हे कुठल्या तोंडाने बोलायचं? तिने मला मध्ये घातलं, आणि मी रंजनावयनीला बुडबुड्यांवर असं काही व्याख्यान दिलं की ती म्हणाली, मुशीची गोष्ट ह्यापेक्षा बरी होती.

मग शर्वरीनेच डोकं चालवलं. सासूला म्हणाली, आई, डोळ्याला आज तेलात कालवून कुंकू लावाल का, चांगलं जाड? वयनीला बरं वाटलं. सुनेला देवाधर्माचं सुचलं म्हणून तिने हात सैल सोडून कुंकू फासलं. बोट पाण्यात गेली, शर्वरीने पूर्ण वेगात खाडीत एक लांब फेरी मारली आणि बोट पुन्हा उतारावर ओढली.

बुडावर लाल रेघ उमटली होती. डोळ्यापासून निघून, जराही न वळता, मागे जाऊन ती कानावर संपली होती. कानाचं काळं तोंड लाल झालं होतं.

रंजनावयनी वाकून कितीतरी वेळ ती रेघ बघत राहिली. शर्वरी काही समजावायला गेली नाही, हे तिचं शहाणपण.

"म्हंजे मी तिच्या कानात बोळो घालून ठेवलंय," वयनी म्हणाली.

"आई, डोळा कण्यावरून थोडा बाजूला घेऊया."

"बाजूक घेतलो तर होडी काणी, वाकडी जाता. आणि काढून मी तुका दांड्यार धाडू? एकदा धाडलंय मी."

ती घरात निघून गेली. त्या दिवसापासून दोघी एका घरात दोन टोकांना. शर्वरी नकाशा असूनही दांड्यावर मंद व्हायची. प्रवासी कुरकुरायचे, दुसऱ्या बोटीत बसायचे. दुसऱ्या बोटी तिच्या शेजारून शिट्ट्या मारत जायच्या, आणि प्रत्येक वेळी ती उठून उभी राहून त्या पार होईपर्यंत बघत राहायची. त्या दिवसांत ओहोटी लहान होती म्हणून कुणी बसलं नाही एवढंच. मोठी ओहोटी जवळ येत होती, आणि वयनीही दारात उभी राहून पाणी किती उतरलंय ते पुन्हा पुन्हा बघायची.

त्या मोठ्या ओहोटीच्या दुपारी माझ्या छातीत दुखायला लागलं.

आता माझ्या छातीचंही गावाला माहीत होतं. तालुक्याला फुकट जायचं असलं, तिथल्या खानावळीत तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, कालवण असलं, की ती दुखायची. मी अंगणात बसून म्हणालो, अरे, दुखतंय. शेजारचा म्हणाला, आज तिसऱ्या नाहीत, उद्या दुखव. मी पुन्हा म्हणालो. तो हसला. माझ्या आयुष्यात एवढं खरं मी क्वचित बोललो होतो, आणि ते कुणी घेईना.

शर्वरी धक्क्यावर जाताना थांबली. तिने माझ्या मानेला हात लावला. घाम गार होता. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलंही नाही, शेजाऱ्याला म्हणाली, उचला.

बोट उतारावरच होती. मला तिच्या सावलीत टेकवलं. मी पडल्या पडल्या ऐकत होतो. शर्वरी इस्पितळात कळवत होती. तिकडून सांगत होते, वेळ घालवू नका. हळू गेलं तर मी वाटेत संपणार. वेगात गेलं तर दांडा कुठे आहे ते बोटीला कळणार नाही, आणि अशी मोठी ओहोटी असली की वाळूच्या जागी बोट नुसती बसत नाही, फुटते. ती क्षणभर उभी राहिली, दोन्ही हात डोक्यावर धरून.

तेवढ्यात बोटीच्या बुडाखालून खरखर आवाज आला. रंजनावयनी खाली शिरली होती. तिच्या हातात पेचकस होता. एक स्क्रू गंजलेला होता. तिने तो पेचकसाने फिरवला नाही, पितळेखाली टोक घालून उपटला. डोळा तिच्या मुठीत आला. मग कनवटीचं मेण काढून तिने भोकं बोटाने दाबून दाबून बुजवली आणि वरून तळहात फिरवला, सपाट झालं का ते बघायला. नंतर वाकून माझ्या कानाशी तोंड आणलं.

"खरा सांगा भावजी, दुखता?"

मी म्हणालो, होय. ती वळली.

"चल गो. डोळो काढलंय, तर मी बसतलंय नाळेर."

आणि पासष्टीची बाई पदर खोचून नाळेवर जाऊन बसली, पाय पुढे सोडून, मूठ छातीशी धरून.

बोटीने वेग घेतला. मी तळाशी आडवा, डोकं पडद्याच्या बाजूला. भुसा नव्हता. तळाची रेघ होती, वेडीवाकडी, अडखळती, मध्येच खड्ड्यात जाणारी, पण होती. छातीवर म्हैस बसलेली असूनही मला ती रेघ आवडली. खोटं कधी इतकं ओबडधोबड नसतं. मी सांगतो ना, मला त्यातलं कळतं.

दांडा जवळ आला. नकाशा नेहमीची वाट हिरवी दाखवत होता, चार मीटर. कान म्हणाला तीन. मग दोन. मग दीड. यंत्रातून शांत, शुद्ध आवाज आला, "आपले वाचन समूहाशी जुळत नाही. दुरुस्त करू का?"

"नको," शर्वरी म्हणाली, आणि तिने सुकाणू खाडीच्या तोंडाशी असलेल्या खडकाच्या बाजूला वळवलं, तिथून ओहोटीचं पाणी बाहेर पळत होतं. नकाशावर ती बाजू लाल होती, म्हणजे उथळ. लाल दिसताच इंजिन आपोआप दबायला लागलं. बोट नाक खाली टाकू लागली. मागून ओहोटीची लाट आम्हाला आडवं करायला बघत होती.

नकाशाची जोडणी एका सीलबंद खोक्यात असते. सील तोडून ती काढली तर परवाना जातो, मग माणूस वाचला असो की मेला असो. शर्वरीने पान्ह्याने सील फोडलं, वायर ओढली आणि पायाखाली टाकली. इंजिनाने पुन्हा जोर धरला. आता जगात तिच्यासाठी एकच कान उरला होता.

दीड. दीड. एक. नाळेवर वयनी मागे वळून बघेना. शर्वरी वेग कमी करेना. मी डोळे मिटले आणि मनात म्हटलं, दत्ताराम, सरक जरा, आलोच. मग रेघ अडखळली, खाली गेली. दोन. साडेतीन. पाच. पावसाळ्यात खाडीने खडकाला लागून नवं तोंड पाडलं होतं आणि एवढे दिवस आम्ही त्याच्या शेजारून, उथळ वाळूवरून, खोल पाणी समजून पळत होतो.

पुढचं इस्पितळाला माहीत. मला एवढंच आठवतं, की स्ट्रेचरवर घेताना वयनी जवळ आली. मूठ उघडेना, बोटं आखडली होती. शर्वरीने एकेक बोट सोडवलं. डोळ्याची नक्षी तळहातावर उमटली होती, पापण्यांसकट.

शर्वरीचा परवाना अर्थातच निलंबित झाला. बोट उतारावर पडून राहिली आणि ती धक्क्यावर येरझारा घालू लागली. कंपनीने नवं तोंड नकाशावर घ्यायला नकार दिला, एका बोटीचं वाचन, तेही सील तोडलेलं. तेव्हा रंजनावयनी घराघरांतून फिरली. तिने कुणाला विज्ञान सांगितलं नाही. तळहात दाखवला आणि कुंकू लावून बघा म्हणाली. थोरल्या बायकांनी आपापल्या बोटींना तेलकुंकू फासलं आणि संध्याकाळी उतारावर सगळ्या बोटींच्या बुडांवर लाल रेघा होत्या, सगळ्या कानापर्यंत.

डोळे आता पिछाडीच्या फळीवर, कानाच्याही मागे लावतात, मागे बघणारे. वयनी म्हणते, पुढचं ऐकायला कान आहे, मागे राहिलेल्यांकडे कुणी बघायला नको?

ह्यानंतर जलवाहतुकीचे निरीक्षक चौकशीला आले. बरा माणूस होता, पण त्याच्याकडे नकाशा होता. त्याने सरकारी बोट आणली होती, परमुलखातली, तिच्यात नकाशा जुनाच, जुनी वाट अजून हिरवी. मी इस्पितळातून नुकताच सुटलेला, साक्षीदार म्हणून बरोबर. शर्वरीही होती, हात मागे बांधून, परवान्याशिवाय. ओहोटी लागलेली. मी म्हणालो, साहेब, जुन्या वाटेवर जरा हळू घ्या. त्यांनी माझ्याविषयी गावात चौकशी केलेली असावी. हसले, आणि हळू घेतलं, पण मला बरं वाटावं म्हणून. यंत्राने वाचन जुळत नाही, दुरुस्त करू का विचारलं, तेव्हा त्यांनी हो म्हटलं.

बोट मऊशार बसली. पडद्यावर चार मीटर.

मग निरीक्षकांनी बूट काढले, पँट दुमडली, काठावर बसून एक पाय खाली सोडला आणि माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, पोहता येतं ना?" मी काळजीने विचारलं.

ते उतरले. पाणी गुडघ्यापर्यंत आलं. त्यांनी वाकून आतला पडदा पाहिला, मग आपले गुडघे पाहिले, मग पुन्हा पडदा. मग शर्वरीला म्हणाले, सुकाणू धरा, मी ढकलतो.